हॉलिवूडचे फाटक्या खिशाचे गुन्हेपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमके कुठले सिनेमे?

बोलपट आला १९२८च्या सुमारास आणि टीव्ही घरोघरी पोचला १९५०नंतर. या मधल्या काळात हॉलिवूडमध्ये थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत उरकलेले खून-दरोड्यांचे सिनेमे. लांबी बहुतेकदा तास-सव्वा तास. नट दुसऱ्या फळीतले, सेट दुसऱ्याच सिनेमासाठी बांधलेला, दिग्दर्शक घाईत. कथेत खोट्या नोटा, पळून चाललेलं जोडपं, तुरुंगातून निसटलेला कैदी, नाहीतर नको त्या गाडीत बसलेला एखादा दुर्दैवी. मोठ्या स्टुडिओंच्या स्वस्त विभागांतून निघालेले काही सिनेमेही मी यातच धरतो, कारण पडद्यावर दोघांची जात एकच दिसते.

'पॉव्हर्टी रो', म्हणजे 'दारिद्र्याची गल्ली', ही खरंच एखादी गल्ली होती का?

सुरुवातीला होती. लॉस एंजेलिसमध्ये सनसेट बुलेव्हार्ड आणि गावर स्ट्रीट जिथे मिळतात, त्या भागात १९२०च्या दशकात छोट्या निर्मात्यांनी ऑफिसं थाटली. भाड्याची जागा, भाड्याचा कॅमेरा, आठवडाभरात सिनेमा, की पुढचा निर्माता हजर. कोपऱ्यावर काउबॉयच्या वेषात एक्स्ट्रा नट काम मिळेल या आशेने उभे असायचे, म्हणून त्या नाक्याला 'गावर गल्च' हे नाव पडलं. कोलंबिया स्टुडिओ याच वस्तीत वाढला आणि दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या सिनेमांच्या जोरावर तिथून वर निघाला.

पुढे हे नाव पत्त्याला न चिकटता ऐपतीला चिकटलं. मोनोग्राम, पीआरसी (पूर्ण नाव प्रोड्यूसर्स रिलीजिंग कॉर्पोरेशन), चेस्टरफील्ड, ग्रँड नॅशनल या कंपन्या कुठेही बसलेल्या असोत, त्यांची गणना 'पॉव्हर्टी रो'मध्येच व्हायची. रिपब्लिक त्यातल्या त्यात खाऊनपिऊन सुखी.

असले सिनेमे काढून परवडायचं कसं?

मंदीत प्रेक्षक रोडावले, तेव्हा थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पहिला मोठ्या नटांचा, दुसरा जोडीला. मोठ्या सिनेमाला तिकीटविक्रीतला टक्का मिळायचा. जोडीच्या सिनेमाला मात्र ठरावीक भाडं. थिएटर भरलं काय आणि ओस पडलं काय, त्याचे पैसे तेवढेच.

या एका हिशेबात पुढचं सगळं आलं. सिनेमा कितीही उत्तम काढला तरी मिळकत वाढणार नाही, म्हणजे नफा वाढवायचा एकच मार्ग उरला: खर्च कापणं. आणि कितीही वाईट काढला तरी भाडं बुडणार नाही, म्हणजे सिनेमा वेळेत डब्यात पडला की पुरे. या दुसऱ्या बाजूकडे लोक दुर्लक्ष करतात. मोठ्या स्टुडिओत दहा माणसं दिग्दर्शकाच्या डोक्यावर बसलेली असायची. इथे आशयाकडे बघायला कोणाला सवड नव्हती. बजेट आणि तारीख सांभाळली, तर मधे काय वाट्टेल ते करा. या सिनेमांतला विक्षिप्तपणा आला तो या बेफिकिरीतून.

मग गुन्हेपटच का? प्रेमकथा स्वस्तात होत नाहीत?

होतात, पण भिकार दिसतात. श्रीमंत घरातली प्रेमकथा दाखवायची तर दिवाणखाना, झुंबर, पार्टीचे कपडे आले. गुन्हेगाराला लागते एक लॉजची खोली, एक बल्ब, एक फोन आणि खिडकीबाहेर उघडझाप करणारी निऑनची पाटी. पैसे नाहीत म्हणून सेट अर्धवट राहिला, तर अर्धा भाग अंधारात ढकला. गुन्हेपटात अंधार शोभून दिसतो.

माझ्या मते यांच्या ओबडधोबड आकर्षणाचं मूळ इथेच आहे. कॅमेऱ्यामागच्या लोकांकडे पैसा, वेळ आणि दुसरी संधी नव्हती. कॅमेऱ्यासमोरच्या पात्रांकडेही नेमकं तेच नव्हतं. हे दोन्ही जिथे जुळलं, तिथे सिनेमा जमला. जिथे जुळलं नाही, तिथे नुसतं दारिद्र्य दिसतं, आणि तसेच सिनेमे जास्त आहेत.

सुरुवात कधी झाली?

मूकपटांच्या काळातच. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'द मस्केटिअर्स ऑफ पिग अॅली' हा १९१२चा लघुपट न्यूयॉर्कच्या टोळ्यांवर आहे. त्यात एक गुंड भिंतीला घासत कॅमेऱ्याच्या दिशेने येत राहतो, इतका जवळ की त्याचा चेहरा पडदा व्यापतो. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी आजही आपण नकळत मागे सरकतो.

पण आपल्या विषयाचा खरा नारळ फुटला १९२८मध्ये, वॉर्नर ब्रदर्सच्या 'लाइट्स ऑफ न्यूयॉर्क'ने. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलणारा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा, आणि तो गुन्हेपट होता, स्वस्तही होता. ठरला होता दोन रिळांचा छोटा बोलपट. मोठे साहेब जागेवर नसताना दिग्दर्शक ब्रायन फॉयने तो गुपचूप वाढवून ५७ मिनिटांचा केला. खर्च २३,००० डॉलरच्या आसपास, गल्ला दहा लाखांच्या वर.

सिनेमा म्हणून तो अवघड आहे, हे आधीच सांगतो. माइक एका जागी लपवलेला असल्यामुळे सगळी मंडळी दाटीवाटीने त्याच्याभोवती जमतात, बोलतात, मग गप्प होऊन हलतात. टोळीचा म्होरक्या एका माणसाचा काटा काढायचा हुकूम सोडतो तो शब्दाशब्दाला थांबत, जणू शुद्धलेखन घालतोय. हसू येतं. पण गुंडाच्या तोंडून ते शब्द पहिल्यांदाच ऐकणाऱ्या १९२८च्या प्रेक्षकाला हसू आलं नसणार.

'लिटल सीझर', 'द पब्लिक एनिमी' हे या यादीत येतात का?

नाही. १९३१चे हे दोन्ही सिनेमे वॉर्नरचे, मुख्य खेळाचे. पण वॉर्नर हा काटकसरीचा स्टुडिओ होता आणि ते अंगी दिसतं. 'पब्लिक एनिमी'त भिंतीवर मशीनगनच्या गोळ्या लागून दगड उडतात, त्या गोळ्या खऱ्या होत्या. जेम्स कॅग्नी कोपऱ्याआड सरकल्यावर एका नेमबाजाने त्या झाडल्या. असला प्रकार आज विमा कंपनी ऐकूनही घेणार नाही.

'डीटूर' सहा दिवसांत आणि वीस हजारांत काढला, हे खरं आहे का?

नाही, पण दंतकथा इतकी छान आहे की मरत नाही. दिग्दर्शक एडगर उल्मरने स्वतः ती पसरवली. पीआरसीच्या या १९४५च्या सिनेमाच्या कागदपत्रांवरून शूटिंगला सहापेक्षा बरेच जास्त दिवस लागले आणि खर्च लाख डॉलरच्या घरात गेला. मोठ्या स्टुडिओचा मुख्य सिनेमा तेव्हा दहा लाखांच्या वर सहज जायचा, त्यामुळे 'स्वस्त' हा शब्द तरीही खोटा ठरत नाही.

उल्मर मध्य युरोपातला. बर्लिनमध्ये मुर्नाऊसारख्या दिग्दर्शकांबरोबर काम केलेला. १९३४मध्ये त्याने युनिव्हर्सलसाठी 'द ब्लॅक कॅट' हा भयपट केला आणि तो चांगला चाललाही. मग स्टुडिओच्या मालकाच्या भाच्याची बायको आणि उल्मर प्रेमात पडले, तिने घटस्फोट घेऊन याच्याशी लग्न केलं आणि मोठ्या स्टुडिओंची दारं त्याला बंद झाली. पीआरसीत तो अशा वाटेने आला.

कथा एवढीच: न्यूयॉर्कच्या क्लबात पियानो वाजवणारा अल रॉबर्ट्स प्रेयसीला भेटायला लिफ्ट मागत कॅलिफोर्नियाला निघतो. वाटेत गाडीचा मालक मरतो. पोलीस आपल्यालाच खुनी समजतील या भीतीने अल त्याचे कपडे, पैसे, गाडी आणि नाव घेतो. मग त्या मेलेल्या माणसाला ओळखणारीच एक बाई तो गाडीत घेतो.

गरिबी जागोजागी दिसते. न्यूयॉर्कचा रस्ता धुक्याने भरलाय, कारण रस्ता बांधलेलाच नाही. दूरचा फोन लावायचा तर आधीच कुठेतरी चित्रित झालेल्या टेलिफोन ऑपरेटर बाया आणि तारांची दृश्यं जोडलीत. लिफ्ट मागण्याच्या काही दृश्यांत अमेरिकेतल्या गाड्या एकाएकी डाव्या बाजूने धावतात आणि चालक उजवीकडे बसतो. नायक पश्चिमेकडे चाललाय, म्हणजे नकाशाप्रमाणे पडद्यावर उजवीकडून डावीकडे, म्हणून संकलनात फिल्म उलटी करून छापली.

पण सुरुवातीचं ढाब्यावरचं दृश्य बघा. अल कॉफीपुढे बसलाय. कोणीतरी ज्यूकबॉक्स लावतो, ते जुनं गाणं ऐकून अल बिथरतो. आजूबाजूचा उजेड विझतो, डोळ्यांवर फक्त एक पट्टा राहतो आणि त्याच्यासमोरचा कप अवाढव्य होतो, कारण खरोखरच मोठा कप तिथे आणून ठेवला होता. एक दिवा, एक कप आणि एक चेहरा यांच्या जोरावर आपण त्याच्या डोक्यात शिरतो. आणि तिथून बाहेर येऊन त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. घडलेलं सगळं आपण त्याच्याच तोंडून ऐकतोय. प्रत्येक वेळी नशिबाने घात केला म्हणणारा माणूस कितपत खरा?

त्या बाईच्या, म्हणजे व्हेराच्या भूमिकेतल्या अॅन सॅव्हेजबद्दल वेगळं सांगायची गरज नाही. ती गाडीत बसून डोळे मिटते, काही वेळाने उघडते आणि मान वळवून पहिलाच प्रश्न विचारते. तिथून सिनेमा तिचा.

पैसे नेमके कुठे कुठे वाचवायचे?

पहिली काटकसर कच्च्या फिल्मची. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे ६८ मिनिटांच्या सिनेमाला सहा हजार फुटांहून थोडी जास्त. आपल्याला एका सिनेमाला १५,००० फूटच मिळायची, असं उल्मर सांगायचा. म्हणजे प्रत्येक दृश्याला जेमतेम अडीच टेक. म्हणून तो क्लॅपर वाजवण्यातही फिल्म घालवत नसे. टेक संपला की भिंगापुढे हात धरायचा, कॅमेरा चालूच ठेवायचा आणि पुढचा टेक सुरू. दृश्यांचा क्रमही कथेप्रमाणे नसायचा. खोलीच्या एका भिंतीकडे तोंड करून जेवढी दृश्यं असतील ती सगळी आधी उरकायची, मग दिवे हलवून समोरची भिंत.

बाकीचे उपाय ओळखीचे: गाडी जागेवर आणि मागे पडद्यावर धावणारा रस्ता, दुसऱ्याच्या सिनेमातले तुकडे, रिकामे पडलेले सेट. 'लाइट्स ऑफ न्यूयॉर्क'वाला ब्रायन फॉय पुढे वॉर्नरच्या स्वस्त सिनेमांचा प्रमुख झाला. त्याच्याबद्दल असं सांगतात, की टेबलावर पटकथांची चळत असायची. वरची काढायची, जागा आणि पात्रं बदलून सिनेमा करायचा आणि तळाशी ठेवायची. काही दिवसांनी ती पुन्हा वर यायचीच.

तो अंधार मुद्दाम केलेला की दिव्यांचे पैसे नव्हते म्हणून?

दोन्ही, आणि ते वेगळं काढता येत नाही. जॉन आल्टनचं काम बघितलं की हा प्रश्न पडायचा थांबतो. हंगेरीत जन्मलेल्या या छायाचित्रकाराने ईगल-लायन कंपनीसाठी दिग्दर्शक अँथनी मानबरोबर 'टी-मेन' (१९४७) आणि 'रॉ डील' (१९४८) केले. इतर कॅमेरामन दिव्यांच्या रांगा लावत असताना हा एक-दोन दिव्यांवर भागवायचा. काम झटपट व्हायचं, म्हणून निर्माते खूश.

'टी-मेन'मध्ये टोळीतल्याच एका माणसाला वाफेच्या स्नानगृहात कोंडून मारतात. दाराला छोटी काच, मागे वाफ आणि काचेला चिकटलेला चेहरा. बाहेर मारेकरी शांत उभा. खर्च म्हणाल तर एक दार आणि थोडी वाफ. 'ही वॉक्ड बाय नाइट'मध्ये (१९४८) लॉस एंजेलिसच्या पावसाळी पाण्याच्या भुयारांतला पाठलाग त्याने हातातल्या बॅटऱ्यांच्या उजेडावर उभा केलाय. पुढे याच आल्टनला 'अॅन अमेरिकन इन पॅरिस'मधल्या रंगीत नृत्यासाठी ऑस्कर मिळालं. सांगायचा मुद्दा, त्याला उजेडही जमत होता.

सेन्सॉरने काही चालू दिलं कसं?

नियमावली १९३०मध्ये आली, पण हॉलिवूडच्या सेन्सॉर कचेरीचा प्रमुख जोसेफ ब्रीन याच्या हाताखाली ती खऱ्या अर्थाने लागू झाली १९३४च्या जुलैत. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, गुन्ह्याची रीत तपशिलात दाखवायची नाही, कायद्याची टिंगल नको. म्हणून या सिनेमांचे शेवट एकसारखे वाटतात. 'डीटूर'च्या अखेरीस पोलिसांची गाडी येते ती नियमाची पूर्तता म्हणून. उल्मरने ती अशा बेताने आणली, की ती नायकाच्या डोक्यातली भीती वाटावी.

जॉन डिलिंजरची गोष्ट याहून मजेशीर. हा बँक-दरोडेखोर १९३४च्या जुलैत शिकागोच्या बायोग्राफ थिएटरमधून एक गुन्हेपटच पाहून बाहेर पडला आणि पोलिसी गोळ्यांना बळी पडला. त्याच्यावर सिनेमा नको, असं फर्मान हॉलिवूडच्या वरिष्ठांनी आधीच काढलं होतं. अकरा वर्षांनी ते झुगारलं मोनोग्रामने. १९४५चा 'डिलिंजर' जोरात चालला आणि मूळ पटकथेसाठी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. त्यातला पावसातला, धुराचा दरोडा लक्ष देऊन बघा. तो दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या १९३७च्या 'यू ओन्ली लिव्ह वन्स'मधून उचलून जोडलाय.

अभिनय इतका लाकडी का वाटतो?

कारण बऱ्याचदा तो लाकडी असतो. तालमीला वेळ नाही, दुसऱ्या टेकला फिल्म नाही. पण लाकूड कधीकधी उपयोगी पडतं. 'डिलिंजर'मधला लॉरेन्स टिअर्नी जवळजवळ काहीच करत नाही, नुसता बघतो. एखादा कसलेला नट या पात्राला दुःखी बालपण वगैरे देऊन बसला असता. टिअर्नीच्या चेहऱ्यावर तसलं काही सापडत नाही आणि म्हणून भीती वाटते.

त्या एका टेकच्या दरोड्याबद्दल सगळे बोलतात, त्यात एवढं काय?

जोसेफ एच. लुईसचा 'गन क्रेझी' (१९५०). दरोडा चित्रित करायला बँकेचं आतलं दालन, कारकून, ग्राहक, घबराट असं सगळं लागलं असतं. लुईसने कॅमेरा गाडीच्या मागच्या भागात बसवला आणि तो तिथून हललाच नाही. तीनेक मिनिटांचा एकच टेक, कॅलिफोर्नियातल्या माँट्रोझ गावच्या खऱ्या रस्त्यावर. सिनेमातलं दरोडेखोर जोडपं, बार्ट आणि लॉरी, काउबॉयच्या पोशाखात पुढच्या सीटवर. बोलणं त्यांनी आयत्या वेळी रचलेलं, आणि दरोडा टाकायला निघालेल्या या दोघांना चिंता कसली, तर बँकेसमोर गाडी लावायला जागा मिळेल का याची. जागा मिळते. बार्ट आत जातो. तेवढ्यात फुटपाथवर एक पोलीस येऊन उभा राहतो. लॉरी खाली उतरून त्याच्याशी गोड बोलते, त्याच्या पिस्तुलाचं कौतुक करते. बार्ट बाहेर, पोलीस आडवा, गाडी सुसाट.

बँकेच्या आत काय झालं, हे आपल्याला दिसतच नाही. आपण गाडीत बसून वाट बघत असतो, म्हणजे साथीदार झालेलो असतो. शेवटी लॉरी मागे वळून बघते आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नसते, चक्क आनंद असतो. या पटकथेवर लेखक डाल्टन ट्रंबोचा हात होता. तो तेव्हा हॉलिवूडने कम्युनिस्ट म्हणून बहिष्कार टाकलेल्यांच्या काळ्या यादीत असल्याने श्रेयनामावलीत दुसऱ्याचं नाव आलं.

यात बायका फक्त घात करणाऱ्याच असतात का?

बऱ्याच असतात. पण 'रॉ डील'ची गोष्ट एक बाई सांगते, क्लेअर ट्रेव्हरच्या आवाजात, आणि ती खलनायिका नाही. ती एका माणसावर जीव लावून बसलीय आणि तो दुसरीकडे बघतोय. कॅमेऱ्यामागे पाहायचं तर अभिनेत्री आयडा लुपिनो. तिने 'द हिच-हायकर' (१९५३) दिग्दर्शित केला. दोन मित्र, मागच्या सीटवर पिस्तूलवाला आणि मेक्सिकोचं वाळवंट. बाई नावालाही नाही. त्या मारेकऱ्याचा एक डोळा मिटत नाही, त्यामुळे तो झोपलाय की बघतोय हे कळायला मार्ग नाही. एवढ्यावर तिने रात्र काढलीय.

'फिल्म नोआर', म्हणजे 'काळा सिनेमा', म्हणतात ते हेच का?

काही अंशी. तो शब्द १९४६मध्ये फ्रेंच समीक्षक नीनो फ्रांक याने वापरला, तो महागड्या सिनेमांबद्दल. काढणारे स्वतः याला फक्त गुन्ह्याचं पिक्चर म्हणायचे. फ्रेंचांचं प्रेम मात्र पुढे खालपर्यंत उतरलं. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने आपला १९६०चा पहिला मोठा चित्रपट चक्क मोनोग्राम कंपनीला अर्पण केला.

सगळेच बघण्यासारखे आहेत का?

छे. बहुतेक कंटाळवाणे आहेत. दोन माणसं ऑफिसात उभी राहून तिसऱ्याने काय केलं ते सांगतात, कारण ते दाखवायला पैसे नव्हते. विनोदी वार्ताहर, बावळट हवालदार, काळ्या आणि चिनी पात्रांची हिणकस चित्रणं हेही आहेच. चार्ली चॅन हा चिनी गुप्तहेर मोनोग्रामच्या मालिकेतही गोरे नटच रंगवत राहिले. जुनं म्हणून गोड मानून घेऊ नका.

इंटरनेटवर हे फुकट कसे मिळतात? आणि चित्र इतकं खराब का?

अमेरिकेत तेव्हा स्वामित्वहक्क २८ वर्षांचा असायचा आणि मुदत संपताना नूतनीकरण करावं लागायचं. पीआरसीसारख्या कंपन्या तोवर गुंडाळल्या गेल्या होत्या. अर्ज करणार कोण? 'डीटूर' अशाच प्रकारे हक्कमुक्त झाला, कोणीही त्याच्या प्रती काढाव्यात. मग प्रतीची प्रत, तिची प्रत, असं होत चेहरे पिठासारखे पांढरे झाले. लोकांना वाटलं, सिनेमाच असा. २०१८मध्ये त्याची दुरुस्त आवृत्ती निघाली. त्यासाठी बेल्जियमच्या संग्रहातली प्रत वापरली आणि तिच्यावर छापलेली सबटायटल्स एकेका चौकटीतून पुसावी लागली. शक्य असेल तर तीच बघा. अर्धा 'ओबडधोबडपणा' प्रतीचा होता, सिनेमाचा नव्हता.

हे सगळं का थांबलं?

१९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंची थिएटरांवरची पकड मोडली, दोन सिनेमांचा खेळ हळूहळू बंद पडत गेला. उरलेलं काम टीव्हीने केलं. 'ही वॉक्ड बाय नाइट'मध्ये छोटी भूमिका करणाऱ्या जॅक वेबने 'ड्रॅगनेट' ही पोलिसी मालिका आधी रेडिओवर आणि मग टीव्हीवर आणली. स्वस्त गुन्हेपट घरातच मिळू लागला.

मुंबईच्या जुन्या हिंदी गुन्हेपटांशी याचा संबंध आहे का?

१९५०च्या दशकातल्या मुंबईच्या गुन्हेपटांनी हॉलिवूडकडून सावल्या, टोप्या, क्लब असं बरंच घेतलं. पण ते मुख्यतः मोठ्या, तारे असलेल्या सिनेमांकडून. शिवाय गाण्यांना जागा द्यायची म्हणजे ६८ मिनिटांत काय होणार?

कुठून सुरुवात करू?

'लाइट्स ऑफ न्यूयॉर्क'पासून नको, उत्साह जाईल. आधी 'द नॅरो मार्जिन' (१९५२) बघा. आरकेओ कंपनीचा, रिचर्ड फ्लायशरने १३ दिवसांत उरकलेला, ७१ मिनिटांचा. टोळीप्रमुखाच्या विधवेला साक्षीसाठी आगगाडीने शिकागोहून लॉस एंजेलिसला न्यायचंय आणि मारेकरी त्याच गाडीत आहेत. पार्श्वसंगीत नाही, फक्त गाडीचा आवाज. डबा हलवण्याइतके पैसे नव्हते, म्हणून सेट जमिनीला पक्का ठेवून कॅमेराच हलवला. मारी विंडसर रागारागाने नखं घासते आणि त्या घासण्यातूनच दृश्य इंजिनाच्या चाकांवर जातं.

मग 'डीटूर', मग 'रॉ डील', मग 'गन क्रेझी'. चारही आवडले तर १९४०चा 'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' काढा. पीटर लॉरीचे करारातले दोन दिवस शिल्लक होते, ते वसूल करायला त्याला घेतलं होतं. नायकाच्या दुःस्वप्नाचा भाग येईपर्यंत धीर धरा; त्यानंतर उठून जाता येणार नाही.